विडंबन म्हणजे टिंगल नव्हे

प्रिय सोनू,

आजोबांनी ‘आनंदी आनंद गडे’चे शब्द बदलून भरिताचं गाणं केलं आणि त्याला विडंबन म्हणाले. ही बालकवींची टिंगल झाली का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. बालकवी आपल्याच धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं. त्यांची ओळ घरोघरी पाठ आहे, म्हणून तर तिचं विडंबन जमतं. जी कविता कुणाला ठाऊकच नाही, तिचं विडंबन करून कोण हसणार?

विडंबन हा संस्कृत शब्द. अर्थ आधी नुसतं अनुकरण, मग गमतीसाठी केलेलं अनुकरण. चाल तीच ठेवायची, थाट तोच ठेवायचा, विषय मात्र साधासुधा घ्यायचा. आजोबांची ओळ बघ:

वांगी भाजा मंद गडे
धूर पसरला चोहिकडे

मूळ ओळीत १४ मात्रा आहेत, इथेही १४च. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार आला की दोन. वां, गी, भा, जा, मं यांच्या दहा, द आणि ग यांची एकेक, डे च्या दोन. ‘भाजा’ऐवजी ‘भाजू या’ केलंस की १६ होतात आणि चालीत अडखळायला होतं. नवख्याचं बहुतेक इथेच बिघडतं. दुसरं म्हणजे सगळेच शब्द बदलू नकोस. ‘गडे’ आणि ‘चोहिकडे’ राहिले म्हणून मूळ कविता कानात वाजत राहते.

मराठीत विडंबनकाव्य गाजवलं ते आचार्य अत्र्यांनी, ‘केशवकुमार’ या नावानं. ‘झेंडूची फुले’ १९२५ सालचं. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी ऐकून भारावून गेले तेही हेच अत्रे. विडंबन करणाऱ्याला कवितेचा कान लागतो, तो असा.

एक सांभाळ. वर्तमानपत्रात ‘राष्ट्रध्वजाचं विडंबन’ असं वाचलंस, तर तिथे अर्थ अपमान असा असतो. ‘दैवाची विडंबना’ ही आणखी वेगळी, त्यात नशिबानं केलेली क्रूर थट्टा असते. आणि कुणाच्या बोलण्याची, रंगाची, जातीची खिल्ली उडवलीस तर ती टिंगलच, यमक कितीही जुळो.

पुढचं कडवं तू कर. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात अजून यायची आहे. ओळीगणिक १४ मात्रा मोज आणि आधी आजोबांना चालीत म्हणून दाखव.

तुझी,
आई