'पाकीझा'चं पोस्टर आणि मोहराची फवारणी

देवगडजवळच्या एका आंबा बागायतदारांचा प्रश्न: हंगाम संपून हाताशी दोन लाख उरलेत. मुंबईतला एक विक्रेता 'पाकीझा'चं मूळ पोस्टर, लॉबी कार्डं (थिएटरच्या दालनात लावायची चित्रं) आणि गाण्यांची तबकडी असा संच 1 लाख 80 हजारांना देतोय. पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. घेऊ का?

काका, तुमचा जीव त्यात का अडकलाय ते मला कळतं. वर्षानुवर्षं रखडलेला चित्रपट. संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 मध्येच गेले. 4 फेब्रुवारी 1972 ला तो लागला आणि 31 मार्चला त्याची नायिका मीनाकुमारी गेली. त्या कागदाला हात लावला की हे सगळं आठवतं, म्हणून संग्राहक पैसे मोजतात. शिवाय पोस्टरं खळ लावून भिंतीवर चिकटवायची, पावसात गळून जायची. वितरकाच्या गोदामात घडी घालून पडली तेवढीच वाचली.

पण पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळजवळ 15 टक्के. आणि विकायला निघालात की गिऱ्हाईक शोधा, दलाली द्या. बँकेत 7 टक्क्यांनी हेच पैसे साधारण 2 लाख 54 हजार होतील, हवे तेव्हा मोडताही येतील. तुम्हाला ते लागणारच आहेत: पालवी-मोहराच्या वेळी तुडतुडा किडीवर फवारणी, राखणदाराचा पगार, पेट्या. मोहर गळला तर पुढचं वर्ष कशावर काढणार?

आपल्याकडची हवाही विसरू नका. माझ्याकडच्या एका जुन्या तबकडीचं वेष्टन रत्नागिरीच्या एका पावसाळ्यात बुरशीने गेलं. कडेला राखाडी ठिपके आले, पुसायला गेलो तर छपाईच बोटाला आली. आजही जिवाला लागतं.

माझं मत: पूर्ण संच नको. दीड लाख मुदत ठेवीत टाका. उरलेल्यातून 25 हजारांपर्यंत एकच वस्तू घ्या, ती घरात ठेवायला, विकायला नव्हे. असे चित्रपट पुन्हा पुन्हा लागत आणि पोस्टरं नव्याने छापली जात, त्यामुळे हे पहिल्या वेळचंच आहे असं पावतीवर लिहून घ्या. घडीची खूण नसलेला करकरीत कागद दिसला तर शंका घ्या. भिंगाखाली ठिपक्यांची नीट जाळी दिसायला हवी; आजच्या संगणकी नकलेत रंग विखुरलेला दिसतो.

आणि आत्ता भर पावसात आणू नका. दसऱ्यानंतर ओल गेली की स्वतः जा, उजेडात उलगडून बघा, मगच पैसे द्या.