बिनपावतीची खरेदी

प्रिय बाबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांतली साडेतीन पानं सरकारला शिव्या घालण्यात गेली आहेत, आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत घुसवलाय: कायदाच चुकीचा असेल, तर गांजा विकत घेण्यात गैर काय? तुझ्या बाबांना यातलं काही कळणार नाही, काळजी करू नको. वकिलाच्या पोटात बरंच काही राहतं.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. इंग्रजांनी १८९३-९४ साली भांग-गांज्यावर मोठा आयोग बसवला होता. बेताच्या वापरानं फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असं त्या आयोगाचं म्हणणं. पुढे १९८५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, तोपर्यंत अनेक राज्यांत गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा. या कायद्यातही झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत. म्हणून शिवरात्रीची भांग वेगळी आणि तुझ्या होस्टेलच्या गच्चीवरची चिलीम वेगळी. दारू ढोसून बायकोला मारणारा परवान्याच्या दुकानाचा गिऱ्हाईक आणि गांजा ओढून झोपी जाणारा गुन्हेगार, हे तुला खटकतं. मलाही खटकतं. ओढणाऱ्याला तुरुंगात घालून काही साधतं, असं इतकी वर्षं कोर्टात काढूनही मला कधी दिसलं नाही.

पण तू दोन गोष्टींची खिचडी केलीस. पोर्तुगालचं नाव घेतलंस ना? तिथं २००१ पासून जवळ थोडं बाळगणाऱ्यावर खटला भरत नाहीत, त्याला समितीपुढे उभं करतात, गरज असली तर उपचाराला लावतात. विकणं मात्र तिथं आजही गुन्हाच आहे. दुकानं उघडली ती उरुग्वेनं २०१३ चा कायदा करून आणि कॅनडानं २०१८ मध्ये. अमेरिकेतल्या ओरेगॉननं २०२० मध्ये मतदान घेऊन कुठलंही ड्रग थोडं बाळगण्याची शिक्षा सौम्य केली आणि २०२४ मध्ये पाऊल मागे घेतलं. म्हणजे मोकळीक कशाला, किती आणि कोणाला, हे ठरवल्याशिवाय 'बंदी उठवा' या दोन शब्दांना अर्थ नाही.

आणि बंदीचं म्हणशील तर परदेशात कशाला जातोस? आपला वर्धा जिल्हा तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून कोरडा आहे, कागदावर. नदी ओलांडून अमरावतीकडे किंवा यवतमाळकडे गेलं की दारू उघड मिळते, आणि नदीच्या अलीकडे, आपल्याकडे कशी मिळते ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. चंद्रपुरात दारूबंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये सरकारनं उठवली, आणि उठवताना अवैध दारूचं कारण पुढे केलं. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून टिकून आहे, ती मुख्यतः गावागावांतल्या बायांनी धरून ठेवली म्हणून. बंदी फसते म्हणणारा आणि बंदी चालते म्हणणारा, दोघांनाही पुरावा द्यायला आपला विदर्भ पुरेसा आहे.

आता तुझा जो मुद्दा मला खरंच आवडला, तो. 'बाबा दरवर्षी चोरबीटी आणतात, ते चालतं, मग मी आणलेलं का चालत नाही?' शाब्बास. वकील झाला असतास तर बरं झालं असतं.

चोरबीटी, म्हणजे चोरून विकलं जाणारं कपाशीचं बियाणं, त्याला सरकारची मान्यता नाही, हे तुझ्या बाबांनाही ठाऊक आहे. निंदणाला मजूर मिळत नाही, तणनाशक फवारलं तरी हे कपाशीचं झाड मरत नाही, म्हणून माणसं घेतात. पण पावती नाही. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? कृषी केंद्रवाला ओळखही दाखवत नाही, दुबार पेरणी आपल्याच बोडक्यावर. म्हणजे त्या व्यवहारात जो मरतो तो घेणाराच. तुझ्या पुडीचं उलट आहे, म्हणून तुझी उपमा तिथंच मोडते.

पुडीत काय मिसळलंय याचा भरवसा नाही, तितका धोका तुझा. बाकीचा सगळा कुणाचा, ते बघ. आपल्याकडचा पुष्कळ गांजा ओडिशा-आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरांतून येतो. तिथं पिकवतात ती बहुतेक आदिवासी घरं. पोलीस येऊन उभं पीक उपटून जाळतात. मग रेल्वेनं बल्लारशा, नागपूर. डब्यात सापडतो तो बॅग धरून बसलेला माणूस, बॅगेचा मालक नाही. बॅगेत २० किलोपेक्षा जास्त निघाला की किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०, वर लाखाच्या पुढे दंड. जामिनाचं म्हणशील तर कलम ३७ आहे: आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री पटली तरच. खटला उभा राहीपर्यंत पोरगं आत. ज्यांनी तो माल ओढला असता, त्यांतलं एकही तोंड मी आजवर त्या कठड्यात पाहिलं नाही. दारूचंही तेच: हातभट्टी लावणारी विधवा पुन्हा पुन्हा येते, तिच्याकडे पिणारे सरपंचाच्या ओट्यावर बसून गप्पा हाणतात.

तू म्हणशील, हा दोष बंदीचाच, दुकानं उघडा म्हणजे ही माणसं सुटतील. गांज्यापुरतं कदाचित खरंही असेल. पण दुकान उघडेल तेव्हाचं तेव्हा. तू घेतोस ते या महिन्यात, याच रस्त्यानं आलेलं. कायद्याशी तुझं भांडण असेल तर ते भांडण तू दुसऱ्याला तुरुंगात पाठवून का लढतोस, एवढंच मला विचारायचंय. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी तेच बंदी असलेलं बियाणं दिवसाढवळ्या, पत्रकारांना बोलावून पेरलं. गुन्हे दाखल झाले, ते अंगावर घेतले. त्यांचं म्हणणं पटो न पटो, शिक्षेला त्यांनी स्वतःची पाठ पुढे केली. अंधारात पानठेल्यामागे पाचशेची नोट सरकवणं म्हणजे सत्याग्रह नव्हे रे बाबू. त्याला सरळ हौस म्हण, मी तेवढा रागावणार नाही.

एक व्यवहाराचं. पाच पोट्ट्यांनी पैसे जमवायचे आणि एकानं आणायचं, असं तुम्ही करता ना? कायद्यात नुसतं ओढणं वेगळं आणि आणून देणं वेगळं. जो आणतो त्याच्याच नावापुढे खरेदी, बाळगणं, वाहतूक लागते. दर वेळी कोण जातो? मला वाटतं, ज्याच्याकडे गाडी आहे तो नाही. ज्याला फुकट ओढायला मिळतं तो, म्हणजे तुमच्यातला सगळ्यात गरीब.

त्या तुझ्या मित्राविषयी थोडं. गांज्यावरून एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेवर गेलाय म्हणतोस, तर माझा हा सगळा वाद त्याच्यापुढे वाचू नको, त्याला त्याचा उपयोग नाही. एमडी दोन ग्रॅमच्या वर गेलं की अल्प प्रमाण संपतं आणि शिक्षा चढते. पण याच कायद्यात कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार मात्र पुरा करावा लागतो. १४४४६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, त्यावर आधी बोलून घ्या. घरी सांगायची त्याची हिंमत होत नसेल तर रविवारी त्याला घेऊन इकडे ये. कोर्टाला सुट्टी असते, मी घरीच आहे. काकू सांगतेय, जेवायलाच या, आणि येण्याआधी फोन कर.

तुझा,
काका