वाचकांचे प्रश्न : स्पिटफायरचे इंजिन का गुदमरते?

प्रश्न : संगणकावरील हवाई युद्धाच्या खेळात जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाचा पाठलाग करताना दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचे नाक झटक्याने खाली केले की इंजिन बंद पडते. हा खेळातील दोष आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोष मुळीच नाही, उलट खेळ घडवणाऱ्यांनी इतिहास प्रामाणिकपणे जपला आहे. १९४० मधील स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला कार्बुरेटर (इंधन व हवा यांचे मिश्रण करणारा भाग) होता आणि विमान असे एकदम खाली वळले की इंधनाचा पुरवठा विस्कळीत होऊन इंजिन क्षणभर गुदमरत असे. मेसरश्मिटच्या इंजिनात मात्र इंधन थेट फवारले जाई, त्यामुळे जर्मन वैमानिक सरळ सूर मारून निसटत. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने तयार केलेल्या छिद्राच्या साध्या चकतीने ही अडचण बरीच कमी केली, आणि त्यांचे नाव आपल्याकडे अधिक परिचित व्हायला हवे. तोवर ब्रिटिश वैमानिक आधी अर्धी गिरकी घेऊन विमान उलटे करत व मगच सूर मारत, म्हणजे इंधनाचा पुरवठा विस्कळीत होत नसे; आपणही तसेच करावे.