रसायनशास्त्र शिकताना पुरातत्त्वाकडे वळायचं असेल तर विज्ञान सोडावं का?

सोडू नका. तुम्ही रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि आत्ताच शाखा बदलून इतिहासाला जावं का, असं विचारलंय. माझा सल्ला असा: पदवी रसायनशास्त्राचीच पूर्ण करा, मधल्या सुट्ट्या उत्खननाला द्या आणि पदव्युत्तरला पुरातत्त्व घ्या. प्रयोगशाळेतला हात पुढे बसवणं कठीण जातं. मातीचे थर वाचायला कोणत्याही पदवीबरोबर शिकता येतं, फक्त त्यासाठी उत्खननाच्या चरात उतरावं लागतं.

पहिली अडचण विभाग शोधतानाच येते. अमेरिकेत पुरातत्त्व बहुतेक ठिकाणी मानवशास्त्र विभागात असतं, ब्रिटनमध्ये स्वतंत्र विभागात बीए आणि बीएस्सी दोन्ही मिळतात, भारतात ते अनेकदा प्राचीन इतिहास आणि संस्कृतीला जोडलेलं असतं. म्हणून विभागाच्या पाटीवर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा: उत्खननाचे सक्तीचे आठवडे किती, प्रबंधाला दोन वेगळ्या विषयांचे मार्गदर्शक घेता येतात का, आणि तुलनेसाठी संग्रह आहे का. संग्रह म्हणजे ओळख पक्की असलेली आजची हाडं, बिया, लाकडं. तो नसेल तर चरातून निघालेलं हाड शेळीचं की मेंढीचं हे शिकणं जवळजवळ अशक्य आहे. दोघींचे सांगाडे इतके सारखे असतात की पुस्तकातल्या चित्रांवर भागत नाही.

तुमच्या विषयाचा इथे थेट उपयोग कुठे, तर आधी कर्ब-१४, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कर्बावरून त्याचं वय काढणं. विलार्ड लिबी यांनी ही पद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली आणि त्यासाठी १९६०चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. अर्धायुष्य (निम्मा कर्ब-१४ संपायला लागणारा काळ) सुमारे ५७३० वर्षं, आवाका साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. कर्ब-१४चे अणू थेट मोजणाऱ्या आजच्या प्रवेगक यंत्रांना मिलिग्रॅमभर कर्ब पुरतो, म्हणजे एखादा जळका दाणासुद्धा चालतो. पण मोजणी अचूक होऊनही निष्कर्ष चुकतो, आणि तो का चुकतो हे रसायनशास्त्राच्या वर्गात कुणी सांगत नाही. मोठ्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा ते झाड कधी तोडलं हे सांगत नाही. तो आतलं वलय कधी वाढलं ते सांगतो, आणि हा फरक शेकडो वर्षांचा असू शकतो. म्हणून एकाच हंगामात वाढलेला दाणा निवडायचा. पण दाणा हलका असतो, उंदराच्या बिळातून किंवा मुळाच्या पोकळीतून वरच्या थरातला खालच्या थरात सहज उतरतो. हे ओळखायला चराची कड नीट पाहिलेली असावी लागते. शिवाय इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात अंशांकनाचा वक्र (मोजलेल्या मूल्यावरून खरी वर्षं काढायचा आलेख) जवळपास सपाट आहे. तिथे एकट्या नमुन्याची तारीख तीन-चार शतकांवर पसरते. ती आवळायची तर एकावर एक असलेल्या थरांमधले अनेक नमुने घेऊन त्यांचा क्रम गणितात धरावा लागतो. म्हणजे रसायन, थर आणि संख्याशास्त्र असं तिन्ही एकाच प्रश्नात आलं.

नमुना घेतानाच्या चुका अगदी साध्या असतात. कापसात किंवा कागदात गुंडाळू नका, दोन्हींत कर्ब असतो. ॲल्युमिनियमची फॉइल वापरा. हाड टिकावं म्हणून त्यावर सरस किंवा राळ लावली असेल तर ती नोंद प्रयोगशाळेला द्याच.

दुसरं क्षेत्र हाडांतल्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं. त्यांच्या प्रमाणावरून माणूस काय खात होता याचा अंदाज येतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खनिज भाग विरघळवायचा, उरलेलं कोलॅजन (हाडातलं प्रथिन) किंचित आम्लयुक्त पाण्यात ७०-७५ अंश सेल्सिअसला विरघळवायचं, गाळायचं, मग गोठवून सुकवायचं. कर्ब आणि नायट्रोजन यांच्या अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर कोलॅजन खराब झालेलं, तो नमुना बाद, कितीही मौल्यवान असला तरी. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला नायट्रोजन-१५चं मूल्य हजारी ३ ते ५ ने वाढतं, म्हणून मूल्य जास्त आलं की ‘हे लोक भरपूर मांस खात होते’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण खूप शेणखत घातलेल्या पिकातही हे मूल्य वाढतं. तेव्हा फक्त धान्यावर जगणारा माणूस आकड्यात मांसाहारी दिसू शकतो! त्याच जागेवरचे जळके दाणे आणि जनावरांची हाडं मोजल्याशिवाय काही म्हणता येत नाही. वनस्पती आणि प्राणी यांचे अवशेष ओळखणारी माणसं तुमच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून हवीत ती यासाठी.

धातूंबद्दल एवढंच: हातात धरायचं एक्स-रे फ्लुओरसन्स यंत्र (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजणारं) काही सेकंदांत आकडे देतं, पण ते वरवरच्या थराचे. गंजलेल्या कांस्यातून तांबं निघून गेलेलं असेल तर कथलाचं प्रमाण फुगलेलं दिसतं.

आता सुट्टीचं. किमान चार आठवड्यांचं प्रशिक्षण-उत्खनन निवडा आणि खणण्यापेक्षा नोंदींची कामं मागून घ्या: थराचं पत्रक भरणं, मातीचा रंग मुन्सेल तक्त्यावरून (रंगांच्या प्रमाणित नमुन्यांवरून) ठरवणं, चराच्या भिंतीचं १:१० मापात रेखाटन, कोणता थर कोणाच्या आधीचा हे दाखवणारी हॅरिस मॅट्रिक्स. माती पाण्यात तरंगवून बिया वेगळ्या करण्याचं काम तर आवर्जून करा. एका थरातून २० ते ४० लिटर माती, तरंगणाऱ्या भागासाठी पाव मिलिमीटरची जाळी, खाली बसणाऱ्यासाठी एक मिलिमीटरची. दोन नमुन्यांच्या मध्ये टाकी आणि जाळ्या धुवा, नाहीतर आधीच्या थराच्या बिया पुढच्यात जातात. सुकवताना उन्हात ठेवू नका, ओला कोळसा पटकन वाळला की तडकून त्याचा भुगा होतो. चिठ्ठी पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक, पेन्सिलने लिहिलेली. ओल्या पिशवीवरची शाई गेली की नमुना कुठल्या थराचा ते कळत नाही आणि सगळी मेहनत फुकट.

पुढच्या सत्रांत ऐच्छिक विषय म्हणून संख्याशास्त्र आणि भूशास्त्र घ्या. दोन्ही जमत नसतील तर भूशास्त्र, कारण संख्याशास्त्र स्वतः शिकता येतं. प्रबंधाचा विषय यंत्रावरून ठरवू नका. ‘खापरांचं एक्स-रे विश्लेषण’ हा विषय होत नाही. ‘ही भांडी जवळच्या नदीच्या मातीची की बाहेरून आलेली’ हा होतो, आणि त्यासाठी आधी खापराचा ३० मायक्रॉन जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं स्वस्तही पडतं आणि बऱ्याचदा पुरतंही. संग्रहातल्या वस्तूचा तुकडा कापायला लेखी परवानगी लागते. तिला महिनेच्या महिने लागू शकतात, म्हणून अर्ज प्रबंधाच्या आदल्या वर्षीच करा. अर्जात प्रश्न, नमुन्यांची संख्या, प्रत्येकातून किती मिलिग्रॅम घेणार आणि उरलेला भाग कधी परत करणार हे लिहा.