फिटनेस केंद्र काढायचंय? आधी हे वाचा

गेले काही महिने वाचकांच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतोय: गाड्यांची फिटनेस तपासणी करणारं केंद्र काढायचं आहे, मंजुरी कशी घ्यायची? केंद्र सरकारनं सप्टेंबर 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये 'स्वयंचलित चाचणी केंद्रां'साठी वेगळ्या तरतुदी घातल्या. लोक त्याला एटीएस म्हणतात. तेव्हापासून आरटीओच्या मैदानावरचं 'पासिंग', म्हणजे फिटनेस तपासणी, हळूहळू यंत्रांकडे चाललं आहे आणि खासगी माणसालाही या व्यवसायात उतरता येतं. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून बरीच वर्षं गाड्यांखाली वाकण्यात घालवली. आता अर्जदारांची कागदपत्रं बघून देतो. ऐकीव माहितीवर लाखो रुपये घालून बसलेली माणसं दर आठवड्याला भेटतात, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माझं पीयूसी केंद्र आहे. त्याच परवान्यावर फिटनेस तपासणी सुरू करता येईल का?

नाही. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी, तिची मान्यता वेगळी, जबाबदारीही वेगळी. नवा अर्ज करावा लागेल.

प्रश्न: अर्ज कुठे करायचा? आमच्या आरटीओत ओळख आहे.

ओळखीचा उपयोग नाही, कारण मंजुरी तुमचा आरटीओ देत नाही. या केंद्रांच्या बाबतीत नोंदणी प्राधिकारी म्हणजे राज्याचे परिवहन आयुक्त किंवा त्या दर्जाचा अधिकारी. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि काम दोन टप्प्यांत होतं. आधी प्राथमिक नोंदणी मिळते. ती घेऊन तुम्ही बांधकाम करता, यंत्रं बसवता, माणसं नेमता. मग प्रत्यक्ष तपासणी होते आणि सगळं नियमाप्रमाणे आढळलं तरच अंतिम नोंदणी. हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे होणारं नुकसान पुढे दोन उत्तरांत आलं आहे.

अर्जाआधी आणखी एक गोष्ट विचारून घ्या. काही ठिकाणी राज्य सरकार स्वतः निविदा काढून ही केंद्रं चालवायला देतं. तुमच्या जिल्ह्यासाठी तसं काही ठरलंय का, हे परिवहन आयुक्तालयाकडून लेखी समजून घ्या. फोनवर कुणी 'चालतंय' म्हणालं, तर त्यावर पैसे घालू नका.

प्रश्न: एक सल्लागार म्हणतात, जिल्ह्याचा 'कोटा' संपत आलाय. चार लाख आगाऊ दिले तर मंजुरी आणून देतील. द्यावेत का?

देऊ नका. 'कोटा' हा शब्द मी नियमात कुठे वाचलेला नाही. एजंटांच्या तोंडी मात्र तो नेहमी असतो. त्या गृहस्थांना सांगा, नियमातलं कलम दाखवा. दाखवणार नाहीत. अर्जाची फी सरकारी खात्यात भरायची असते आणि तिची पावती मिळते. कागद जुळवायला मदत हवी असेल तर सनदी लेखापाल घ्या, वकील घ्या, त्यांच्या कामाचे पैसे द्या आणि बिल मागा. 'मंजुरी आणून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात पॅन आणि डिजिटल सही देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नंतर त्यांच्या नावानं कुठे काय भरलं गेलं, हे त्यांनाच माहीत नव्हतं. पैसे दिले असतील तर आजच लेखी परत मागा आणि वकिलाला दाखवा.

प्रश्न: अठरा वर्षं ट्रक आणि बसचं गॅरेज चालवतोय. शेजारचा प्लॉट माझाच आहे. तिथे चाचणी केंद्र टाकलं तर गिऱ्हाइकाला एकाच जागी दुरुस्ती आणि पासिंग मिळेल. मंजुरीत अडचण येईल का?

अडचण येईल, आणि यायलाच हवी. दर चार पत्रांमागे एक पत्र हेच विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नियमाचं म्हणणं स्पष्ट आहे: चाचणी केंद्र चालवणाऱ्यानं फक्त चाचणी करायची. वाहन दुरुस्ती नाही, वाहनांचं उत्पादन वा विक्री नाही, सुट्या भागांचा धंदाही नाही. हितसंबंध आडवे येता कामा नयेत. याला लोक कागदावरची एक अट समजतात. माझ्या मते या सगळ्या नियमांचा कणाच तो आहे.

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका शाळेची बस पासिंगला आली होती. नवा रंग, नवे टायर, सकाळीच गॅरेजमधून निघालेली. बिलावर 'चारही ब्रेक पूर्ण' असं लिहिलेलं. ट्रॅकवर ब्रेक मारला, बस थांबली. पण थांबताना जराशी उजवीकडे ओढली गेली. एवढंसंच. मी खाली उतरून मागच्या डाव्या चाकाच्या आतून हात फिरवला, तर बोटांना तेल लागलं. मालकाला ड्रम उघडायला लावला. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, ऑइल सील गळत होतं, लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) तेलानं काळे पडले होते आणि वरून पेट्रोलनं पुसलेले होते. पुसलेला लायनर दोन-चार वेळा ब्रेक धरतो. मग तेल पुन्हा झिरपतं आणि ते चाक ब्रेक धरत नाही. सील बदलायला हब उतरवावा लागतो, वेळ जातो. फडक्यानं पुसायला दहा मिनिटं लागतात. ज्यानं ते पुसलं त्याला सगळं ठाऊक होतं. पासिंगचा शिक्काही त्याच्याच हातात असता, तर ती बस दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन घाट उतरली असती आणि चाकाच्या आत हात घालणारं कुणी नसतं.

उलटी बाजूही तेवढीच वाईट. दुरुस्ती आणि तपासणी एकाच मालकाकडे असली की चांगली गाडीही नापास करायचा मोह होतो. 'लायनर गेलेत, शेजारीच बदलून देतो' असं सांगितलं की टेम्पोवाला काय करणार? त्याचं रोजचं भाडं बुडत असतं. तो मुकाट पैसे देतो.

मग पत्रांत पळवाटा येतात. केंद्र बायकोच्या नावावर काढू, गॅरेज मुलाच्या नावावर करू, मध्ये भिंत घालू. भिंतीनं हितसंबंध तुटत नाहीत. अर्जात खोटी माहिती दिल्याचं पुढे उघड झालं, तर बांधलेलं केंद्र, घेतलेलं कर्ज आणि नाव, सगळं एकदम जातं. गॅरेज खरोखर बंद करायचं किंवा विकून टाकायचं ठरवलं असेल, तर कधी आणि कोणत्या कागदानं, हे आधी कंपनी कायद्याची माहिती असलेल्या वकिलाकडून लिहून घ्या. ते जमत नसेल तर गॅरेजच चालवा. अठरा वर्षं कमावलेलं गिऱ्हाईक ही लहान गोष्ट नाही, आणि चाचणीत नापास झालेल्या गाड्यांना प्रामाणिक गॅरेज लागणारच आहे.

प्रश्न: यंत्र विकणारी कंपनी म्हणते, महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर मोठी सूट, आणि 'आमची यंत्रं घेतली की मंजुरी पक्की'. ऑर्डर देऊ का?

प्राथमिक नोंदणी हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. यंत्र घेतल्यानं मंजुरी मिळत नाही. सूट पुढच्या महिन्यातही मिळते.

नोंदणी मिळाल्यावर कोणत्या वर्गाच्या गाड्या तपासणार, ते आधी ठरवा. दुचाकी-तीनचाकीची लेन वेगळी, हलक्या वाहनांची वेगळी, जड वाहनांची वेगळी. एका जड ट्रकच्या ॲक्सलचं वजन पेलणारे रोलर आणि रिक्षाचे रोलर एक नसतात. रोलर ब्रेक टेस्टरवर चाकं रोलरवर उभी राहतात, मोटार रोलर फिरवते, चालक ब्रेक दाबतो आणि डाव्या-उजव्या चाकाचा जोर वेगवेगळा नोंदला जातो. साइड स्लिप (सरळ जाताना चाकं बाजूला किती सरकतात ते), सस्पेन्शन, हेडलाइट, धूर आणि आवाज मोजायची साधनं, स्पीडोमीटर आणि स्पीड गव्हर्नरची तपासणी, हे सगळं वर्गानुसार लागतं. जॉइंट प्ले टेस्टरच्या पाट्या चाकं हलवतात, तेव्हा खाली पिटमध्ये उभ्या असलेल्या माणसाला किंगपिन आणि टाय रॉड एंड या स्टिअरिंगच्या सांध्यांमधली ढिलाई डोळ्यांनी बघावी लागते. म्हणून 'सगळं आपोआप होतं' हे विक्रेत्याचं वाक्यही अर्धंच खरं.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कॅलिब्रेशन (यंत्राचं मोजमाप अचूक आहे ना, याची जुळणी) कोण करणार आणि किती दिवसांनी, बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत येणार, आणि सॉफ्टवेअर सरकारच्या 'वाहन' या वाहन नोंदणीच्या संगणक प्रणालीशी जोडून देण्याची जबाबदारी कुणाची. तिसऱ्या मुद्द्यावर बहुतेक विक्रेते गप्प होतात. तिथेच करार थांबवा आणि एखादं चालू केंद्र स्वतः बघून या.

प्रश्न: सातबारा वडिलांच्या नावावर आहे, जमीन शेतीची आहे, पण हायवेला लागून आहे. चालेल का?

हायवेला लागून असणं ही सोय झाली, परवानगी नव्हे. जमिनीचा झोन काय आहे ते नगररचना विभागातून काढा. अकृषिक वापर, बांधकाम परवानगी, अग्निशमन ना-हरकत आणि महामार्गावरून गाड्यांना आत-बाहेर यायची परवानगी, हे सगळे वेगवेगळे कागद आहेत आणि प्रत्येकाला वेळ लागतो. वडिलांची जमीन असेल तर त्यांच्याशी नोंदणीकृत भाडेपट्टा करा, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत कुणाची नावं आहेत तेही बघा. अकरा महिन्यांच्या करारावर केंद्र उभारू नका; नोंदणी वर्षानुवर्षांची असते. तलाठ्यानं तोंडी सांगितलेलं पुरेसं नाही. महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा.

मोकळी जागा भरपूर ठेवा. केंद्र आखताना लोक शेड मोजतात, रांगेत उभे राहणारे ट्रक मोजत नाहीत.

प्रश्न: फी आपण ठरवायची का?

नाही. फी ठरवून दिलेली असते.

प्रश्न: फिटनेस तपासणी एटीएसमध्येच करायच्या सक्तीची तारीख सारखी पुढे जाते. मग आत्ताच घाई कशाला? शेवटी बघू, असं भागीदार म्हणतात.

तारीख पुढे गेली हे खरं. एप्रिल 2022 च्या अधिसूचनेत जड मालवाहू आणि प्रवासी वाहनांसाठी 1 एप्रिल 2023, तर मध्यम आणि हलक्या परिवहन (म्हणजे धंद्यासाठी चालणाऱ्या) वाहनांसाठी 1 जून 2024 अशा तारखा होत्या. पुढे 2023 मध्ये ती मुदत 1 ऑक्टोबर 2024 पर्यंत ढकलली गेली आणि त्यानंतरही बदल झाले. तुमच्या कार्यक्षेत्राला आज कोणती तारीख लागू आहे, ते ताज्या अधिसूचनेतच बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत नको.

पण थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. जमिनीचे कागद, मालमत्तेचं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र, भागीदारीपत्र, प्रकल्प अहवाल यांना महिने लागतात, आणि ही कामं सक्तीच्या तारखेवर अवलंबून नाहीत. मुदत जवळ आली की सगळे एकदम धावतात, आणि मग घाईत भरलेल्या अर्जांत त्रुटी निघतात. एका अर्जात कंपनीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं होतं; तेवढ्यावरून फाइल परत आली.

धंद्याचा अंदाज बांधायचा असेल तर 'गाड्या वाढतायत' एवढ्यावर बांधू नका. परिवहन वाहनाला नवी असताना पहिली दोन वर्षं पासिंग लागत नाही. मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी लागतं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी तपासणी येते. तुमच्या आरटीओत कोणत्या वर्गाच्या किती गाड्या नोंदल्या आहेत, ते 'वाहन' डॅशबोर्डवर कुणालाही बघता येतं. त्यात वयाचा हिशेब घाला, शेजारच्या केंद्रांत जाणाऱ्या गाड्या वजा करा आणि तो आकडा बँकेकडे जाण्याआधी लेखापालाला दाखवा.

प्रश्न: ओळखीच्या वाहतूकदाराची गाडी थोडक्यात नापास झाली तर निकालात काही करता येतं का?

नाही. निकाल यंत्रावरून थेट प्रणालीत जातो, लेनवर कॅमेरे असतात आणि पूर्वसूचना न देताही तपासणी होऊ शकते. हा विचार अर्ज भरतानाच मनात येत असेल, तर कृपया अर्ज करू नका. नापास गाडीला दुरुस्ती करून, फी भरून पुन्हा चाचणी देता येते. निकाल मान्य नसेल तर अपिलाचीही तरतूद आहे. वाहतूकदाराला तेवढं समजावून सांगा.

प्रश्न: मेव्हण्यांचं सुट्या भागांचं दुकान आहे. केंद्रात त्यांचा फक्त वीस टक्के हिस्सा असेल, कामात ते नसतील. चालेल का?

वर गॅरेजवाल्यांना लिहिलं तेच तुम्हाला लागू आहे. वीस टक्के असो वा पाच, नफ्यात वाटा म्हणजे हितसंबंध आलाच. पैसे लागतच असतील तर ते कर्ज म्हणून घेता येतील का, आणि त्यानंही प्रश्न उभा राहतो का, हे वकिलाला विचारा. भागीदारीपत्रावर सही करण्याआधी विचारा.