इसाबेलने नवरा स्वतः निवडला, मग मुलींचं काय?

प्रश्न : स्पेनच्या इसाबेल राणीने भावाच्या मनाविरुद्ध लग्न केलं असं वाचलं, म्हणजे ते लव्ह मॅरेज होतं का? मग तिच्या मुलींची लग्नं कशी ठरली? आणि आमच्या गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य असताना मध्येच स्पेनचा राजा कुठून आला?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : लव्ह मॅरेज नाही म्हणता येणार, कारण लग्नाच्या आठवड्यापर्यंत दोघांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं. पण स्थळ तिनेच पसंत केलं हे खरं. तिचा सावत्र भाऊ एन्रिके हा कास्तिलचा (आजच्या स्पेनमधलं एक मोठं राज्य) राजा, त्याने आधी पेद्रो खिरोन नावाच्या बड्या सरदाराशी तिचं ठरवलं होतं, तो 1466 मध्ये लग्नाला निघाला आणि वाटेतच आजारी पडून मेला. मग पोर्तुगालचा राजा अफोन्सो, विधुर आणि तिच्यापेक्षा 19 वर्षांनी मोठा, शिवाय फ्रान्सच्या राजाचा भाऊ, अशी स्थळं येत राहिली. 1468 च्या करारात भावाने तिला वारस मानलं, तिच्या मर्जीविरुद्ध लग्न लावणार नाही असंही कबूल केलं, पण अट अशी की तिनेही राजाला विचारल्याशिवाय करायचं नाही.

तिने न विचारताच शेजारच्या अरागॉन राज्याच्या राजपुत्राला, फर्नांडोला, होकार कळवला. आधी करारनामा झाला, त्यात फर्नांडोने कास्तिलमध्येच राहायचं, तिच्या संमतीशिवाय तिला किंवा मुलांना राज्याबाहेर न्यायचं नाही असं स्पष्ट लिहून घेतलं होतं. 1469 च्या ऑक्टोबरमध्ये तो व्यापाऱ्यांच्या नोकराचा वेष घेऊन आला आणि वायादोलिदला लग्न लागलं. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, त्यामुळे पोपची परवानगी हवी होती, तर जे पत्र दाखवलं गेलं ते चक्क बनावट होतं, खरी परवानगी 1471 मध्ये मिळाली! सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची ही हिंमत मला आजही थक्क करते.

आणि म्हणूनच मुलींचं वाचताना जास्त वाईट वाटतं. थोरली इसाबेल पोर्तुगालच्या राजपुत्राला दिली, तो 1491 मध्ये घोड्यावरून पडून गेला. तिला पुन्हा लग्न नको होतं, तरी 1497 मध्ये मानुएल राजाशी लावलंच, त्यासाठी पोर्तुगालमधून ज्यू लोकांना हाकलायची अट घातली गेली, म्हणजे या एका सोयरिकीपायी कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. ती 1498 मध्ये बाळंतपणात गेली, तिचं बाळही दोन वर्षांचं व्हायच्या आत गेलं, मग त्याच मानुएलला धाकटी मारिया दिली. कातालिना इंग्लंडच्या थोरल्या राजपुत्राला दिली, तो वारला तेव्हा त्याच्या धाकट्या भावाला, तोच आठवा हेन्री.

जुआना आणि तिचा भाऊ हुआन यांचं तर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याशी साटंलोटंच झालं, फ्रान्सला दोन्ही बाजूंनी घेरायचं म्हणून. हुआन लग्नानंतर सहा महिन्यांत गेला, पुढे थोरल्या बहिणीचं बाळही गेलं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना जुआना वारस झाली. नवरा मेल्यावर तिला वेडी ठरवून आधी बापाने आणि मग पोटच्या मुलाने, कार्लोसने, तोर्देसियास गावी डांबून ठेवलं, 1509 पासून 1555 मध्ये मरेपर्यंत. एवढी वर्षं ती नावाने राणीच होती. तिच्या मनाची अवस्था काहीही असो, तिला कोंडण्यात या दोघांचा फायदा होता हे विसरता येत नाही.

आता गोवा. वास्को द गामाला पाठवणारा राजा हाच मानुएल, आणि 1510 मध्ये गोवा घेतलं तेही त्याच्याच काळात. त्याची आणि मारियाची मुलगी इसाबेल ही कार्लोसची मावसबहीण, तरी 1526 मध्ये दोघांचं लग्न झालं, त्यांचा मुलगा म्हणजे पुढे स्पेनचा राजा झालेला फेलिपे दुसरा. 1578 मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोच्या लढाईत निपुत्रिक मेला, मागून गादीवर आलेला म्हातारा कार्डिनल एन्रिकही 1580 मध्ये गेला, तेव्हा फेलिपेने आईकडच्या नात्याने हक्क सांगितला, सैन्यही घुसवलं, आणि पोर्तुगालबरोबर गोवाही 1640 पर्यंत स्पेनच्या राजाकडे राहिलं. कारभार मात्र पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्याच हातात होता.