वाड्यातला अंधार किती ठेवायचा?

प्रश्न : आमच्या आजोळचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. वाई तालुक्यातला, एका चौकाचा, मातीच्या भिंतींचा. त्याआधी फोटो काढून ठेवावेत म्हणून भाच्याचा जुना डीएसएलआर आणि १८-५५ लेन्स मागून आणली. सरावाला मेणवलीला गेले, तर घाटाचा काळा दगड सिमेंटसारखा राखाडी आला. वाड्यात भर दुपारी ओसरीवरून फोटो घेतला, तर चौकातलं तुळशीवृंदावन पांढरंफटक आणि ओसरीचे खांब काळेकुट्ट. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, वेळ कॅमेऱ्याने) छिद्र एफ ८ आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १०० ठेवलं होतं. कॅमेऱ्याने १/६० सेकंद दिला. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दगड मुळातच काळा आहे हे कॅमेऱ्याला कसं कळावं? समोर येईल ते मध्यम राखाडी धरून तो हिशेब मांडतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो घाट चौकटभर काळा असला, की ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून तो जास्तीचा उजेड आत घेतो. प्लस-मायनसचं बटण उणे एकवर न्या, दगड काळा येईल. पावसात भिजलेला असेल तर उणे दीड. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीला नेमकं उलट, अधिक एक.

आता वाडा. स्वच्छ उन्हातल्या चौकाला आयएसओ १००, एफ ८ वर साधारण १/४०० सेकंद पुरतो. आत ओसरीच्या कोपऱ्यातल्या खांबाला, माझ्या अंदाजाने, १/६ लागेल. म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), चौसष्ट पट फरक. कॅमेऱ्याने दोघांची सरासरी काढून १/६० दिला आणि दोघांचंही वाटोळं केलं. सोयरिकीतल्या मध्यस्थासारखं.

मी हे शिकलो ते पैसे घालवून. स्लाइड फिल्मच्या काळात भोर भागातल्या एका वाड्यात छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सांगेल तशा मारल्या. वाण्याच्या उधारीच्या वहीत प्रत्येक फ्रेमचे आकडे लिहिले होते, म्हणून निदान चूक सापडली. रोल धुऊन आला तेव्हा खांबांचे कोरीव तळखडे कुठेच नव्हते. तो वाडा आता नाही. तुम्हाला तर मागच्या पडद्यावर लगेच दिसतं, तरी वही ठेवाच.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणं. सकाळी, चौकात ऊन उतरायच्या आधी जा. तेव्हा चौकातही सावलीचाच उजेड असतो, फरक सहावरून तीनेक स्टॉपवर येतो आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तेवढा सांभाळून घेते. दुपारीच जमत असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच जागेवरून तीन फ्रेम घ्या : १/४००, १/६०, १/६. ॲपर्चर बदलू नका, सेल्फ टायमर दोन सेकंदांवर ठेवा. तिन्ही नंतर संगणकावर जोडता येतात. ट्रायपॉड नसेल तर जात्यावर जाड टॉवेलची घडी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. १/६ ला हातात धरलेला फोटो हलणारच.

आणखी एक जुनी युक्ती. फ्रेमच्या बाहेर, उन्हात, पांढरी चादर अंथरा. तिच्यावरून उसळलेला उजेड ओसरीच्या तुळयांपर्यंत जातो. फ्लॅश मात्र नको. सारवलेली जमीन त्यात प्लॅस्टिकसारखी दिसते, आणि मला तरी ते बघवत नाही.

जोडलेल्या फोटोत सगळीकडे सारखा उजेड आणायचा मोह होतो. निदान माजघरात तो टाळा. तिथे भर दुपारीही कोनाड्यातली समई आधी दिसायची आणि माणूस मागाहून, हे तुम्हाला आठवत असेल. माजघरासाठी परसदार उघडं ठेवा, समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडावर स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजणं) करा आणि अधिक एक द्या. भिंतीचे पोपडे, खुंटी, खुंटीखालचा तेलकट डाग एवढं आलं की बाकीचं काळं राहू द्या. माळ्याचा जिना मात्र वेगळा काढा, खालून वर बघत. दुरुस्ती करणारेही तो कधी परत तसा बांधत नाहीत.